धक्क्यावरचा हात

३ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचा! बेट कसलं, एक खडक, एक धक्का आणि नौदलाची टेहळणी चौकी. माणसं दोनच, प्रमुख हाल्वर आणि रडारवरची सिग्ने. कॉड माशाचं कालवण मात्र झकास. महिना काढायचा की घरी ट्रोम्सोला, बायकोकडे, मारितकडे. नोव्हेंबरात बाळ येणार! हाल्वरने यंत्रं दाखवली. रडारला लांबची होडी दिसते, सोनारला पाण्याखालचं ऐकू येतं, आणि धुक्यात माणूस शोधायला ऊब टिपणारा कॅमेरा. जितकं ऊबदार, तितकं पडद्यावर पांढरं.

५ ऑक्टोबर
रोज दुपारी बाराला धक्क्याच्या टोकाला हातमोजा काढून उजवा हात वर धरायचा. त्या उबेवर कॅमेरा जुळवतात. काम अर्थातच नव्या माणसाचं. दहा मिनिटांत बोटं बधिर. वर सिग्ने कर्ण्यावरून ओरडते, नवरदेव, हात वर! हसलो, काय करणार.

९ ऑक्टोबर
धक्क्यावरून परतलो तर रडारवर धक्क्याला चिकटून एक ठिपका. लाट असेल म्हणत सिग्नेने बटण फिरवलं, ठिपका गायब. सोनारवर मी स्वतः ऐकलं, पाण्याखाली कुणीतरी चालत होतं. सील असेल म्हणे. सील चालतो होय?

१३ ऑक्टोबर
चोरून कॅमेऱ्याच्या चित्रफिती पाहिल्या. मी पांढरा. मागे एक काळी बाई, समुद्राहूनही गार. पाच तारखेला पाण्यात, नऊला पायरीवर. आज तिने माझा हात धरलाय. आणि ही दोघं रोज बघत होती! हाल्वर शांतपणे म्हणाला, धक्क्यावर कुणी उभं राहिलं नाही तर ती वर चौकीत येते. तुझ्याआधी तिघं झाले. वाईट वाटतं रे, पण जेवून घे.

१४ ऑक्टोबर
गेलो नाही. दोघांनी बाहेर ढकलून कडी लावली. ती आली. मगच दार उघडलं.

१६ ऑक्टोबर
हात शेगडीवर धरला. कातडी जळाली, कळलंच नाही. पडद्यावर बोटांपासून खांद्यापर्यंत मी नाहीच.

१७ ऑक्टोबर
वायरलेसवरून मारितला गाठलं. बचावबोट घेऊन येते म्हणाली. रडत होती.

१९ ऑक्टोबर
दाट धुकं. बोट आली! धक्क्यावर आहे, डाव्या हाताने लिहितोय— मारित हाका मारतेय— आता अख्खं अंग गार, घसाही, आवाज फुटत नाही— बोटीवरही तसलाच कॅमेरा— हाल्वर कर्ण्यावरून सांगतोय, धक्क्यावर कुणी नाही, तुमच्याच पडद्यावर बघा— बघितलं त्यांनी— कुणीच नाही म्हणतेय मारित— बोट वळली— अगं, इथे आहे मी— डाव्या मनगटाला माझ्याहूनही गार काहीतरी— सिग्ने हसतेय, नवरदेव, दुसराही हात—