छत्तीस बटणांची पाळी

॥ श्री ॥

पिंपळमळा, लोणंदजवळ
शनिवार, दि. २८ एप्रिल १९७९, सकाळी पावणेसात

ती. हंबीरदादा यांस, जोतीरामचा सा. न. वि. वि.

विहिरीवर मोटारीच्या पेटीसमोर बसून लिहितो आहे. पेटी उघडी आहे आणि आतले तिन्ही फ्यूज नाहीत. काल पहाटे नाथाजीकाकांनी ते काढून घरी नेले. मोटार बंद आहे. पाचही वाटेकऱ्यांची रानं तापली आहेत.

तुमच्या साहेबांचा जुना कॅलक्युलेटर तुम्ही पाठवलात, त्याला मी पाळी सांगायला शिकवलं हे मागे कळवलं होतं. विहीर एक, वाटेकरी पाच, आणि रोज दिवेलागणीला कुणीतरी आपल्या दारात विचारायला, की उद्या पाणी कुणाचं. गेल्या साली याच वादात आपला वाटेकरी कोंडीबा, त्याचं डोकं फुटलं. म्हणून हा खटाटोप. तारीख आणि महिना दिला की यंत्र एक ते पाचमधला आकडा दाखवतं. चार म्हणजे काका, पाच म्हणजे आपण. बंद केलं की ते शिकवलेलं सगळं विसरतं, म्हणून मी रोज छत्तीस बटणं नव्याने दाबतो. कुठला महिना तीसचा आणि कुठला एकतीसचा, तेसुद्धा त्याला कळतं. होळीपासून सगळे त्याचं ऐकत होते. यंत्राला भाऊबंद नसतात, असं वाटेकऱ्यांतले आप्पासो म्हणाले होते.

गुरुवारी चैत्री अमावस्या, म्हणून रिवाजाप्रमाणे विहीर बंद होती. शुक्रवारी यंत्राने पाच दाखवला, म्हणजे पाणी आपलं. मी गेलो तर काका फ्यूज धोतराच्या सोग्यात बांधून निघाले होते. म्हणाले की फाल्गुनात आवसंनंतर आसंच झालं, तवा गप बसलो. तुझ्या डबड्याला माझंच रान दिसतं व्हय रं? ज्याच्या अंगात दम हाय त्यानं घरी येऊन न्यावं.

बटणं पुन्हापुन्हा तपासली. एकही चुकलेलं नाही. कोंडीबा म्हणतो की बुधवारी दिवस मावळेपर्यंत वाट बघायची, मग काठ्या घेऊन जायचं. आई धड जेवत नाही. काकांनीच तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, एवढंच सारखं म्हणते. दादा, मी त्यांना लुबाडलं असं ते समजतात. तुम्हांला येता येईल का?

धाकट्यावरची माया विहिरीसारखी आटू देऊ नये, ही विनंती.

आपला
जोतीराम

सांगली
सोमवार, दि. ३० एप्रिल १९७९

चि. जोतीराम यास, अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच मिळालं, उलट टपाली लिहितो. साहेब दौऱ्यावर निघाले आहेत आणि गाडी माझ्याच हातात, त्यामुळे येणं होत नाही.

फौजेत आमचे सुभेदार सांगायचे, गाडी भलत्याच गावाला पोचली तर इंजिन खोलू नका, रस्ता कुठं चुकला ते कुणाला तरी विचारा. तू मात्र इंजिन खोलून बसला आहेस. तुझं यंत्र तू सांगितलंस तेवढंच जाणतं. काकांनी तर यंत्राविना उभ्या जन्माची पाळी मोजली. कशी मोजली, हे त्यांना विचारलंस का? नसशीलच. शाळेतही तुला उत्तराची घाई, गणित नंतर वाचायचास.

कोंडीबाच्या आधी जा. एकटा जा. काकूंनी चहा दिला तर नको म्हणू नकोस. एवढ्या घाबरगुंडीतही पत्रात एक खाडाखोड नाही, हे पाहून हसू आलं. तसाच नीट बोल. आईला म्हणावं, जेव.

माझी माया आहेच. काकांची आहे का, ते जाऊन बघ.

तुझा
हंबीरराव

॥ श्री ॥

पिंपळमळा
गुरुवार, दि. ३ मे १९७९, सकाळी आठ

ती. हंबीरदादा यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. तसाच यंत्र घेऊन निघालो. पिंपळाखाली कोंडीबा आणि बाकीचे आधीच जमले होते. काठ्या दिसत होत्या. मी न थांबता काकांच्या उंबऱ्याशी गेलो.

काका बाजेवर पाठ करून बसलेले. मी विचारलं, तुम्ही पाळी कशी मोजत होता. पुन्हा विचारलं. तेव्हा राहीकाकू चुलीपुढूनच कडाडल्या, की आवसंला हीर निजती, आन जिथं निजली तिथनंच दुसऱ्या दिशी उठती; तुझं डबडं मेलं निजतच न्हाई, त्याला आमी काय करावं?

दादा, तेव्हा कुठे उमगलं. अमावस्येला ज्याची पाळी, त्याला दुसऱ्या दिवशी पाणी. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, इतकं ठाऊक की यंत्राला सांगायचंच राहिलं. ते अमावस्येचा दिवसही मोजत गेलं. वाटेकरी पाच, आणि या दोन अमावस्यांमध्ये अंतर पडलं बरोबर तीस दिवसांचं. म्हणून दोन्ही वेळा ती काकांच्याच आकड्यावर आली, आणि दोन्ही वेळा त्यांची पाळी आपल्या नावावर गेली; फाल्गुनात तर ते पाणी मी आपल्या उसाला पाजलंही.

मी बाहेर येऊन कोंडीबाला हाक मारली आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. कोंडीबा म्हणाला की मग टाक ते डबडं हिरीत. तेव्हा काका पहिल्यांदा वळले. म्हणाले की टाकू नगं. पोरगं लय खपलंय. त्याला आवस शिकव.

त्याला चंद्र शिकवण्याएवढी जागा नाही. पन्नास बटणांपलीकडे ते काही लक्षात ठेवत नाही. म्हणून असं ठरलं, की तारीख मी द्यायची, आणि इथून पुढे किती अमावस्या झाल्या तो आकडा काकांनी. दोन्ही मिळाल्याशिवाय यंत्र बोलणार नाही. काकांच्या बोटाखाली दोन बटणं एकदम दबतात, म्हणून त्यांनी तुरीची एक काडी तासून ठेवली आहे. फ्यूज काकूंनी शेवयांच्या डब्यातून काढून दिले. कोंडीबाने काठी भिंतीला टेकवून चहा घेतला, आणि गूळ कमी आहे म्हणाला.

आई जेवली. आपला आशीर्वाद असाच पाठीशी राहावा.

आपला
जोतीराम

ता. क. हिशोब कळवतो. काकांचं देणं, पाळ्या दोन. काल पाळी आपली होती. दिवस मावळताना मोटार सुरू केली आणि पाणी काकांच्या रानात सोडलं, ती एक फिटली. दुसरी पुढच्या खेपेला देतो म्हणालो, तर काका घेत नाहीत. म्हणाले की एक ऱ्हाऊ दे अंगावर, म्हंजी उंबऱ्याला येत ऱ्हाशील.

बाकी देणं, एक.