आप्पांच्या टेबलापाशी लाल चिठ्ठी

दौंड मुक्कामी मेहुणे सत्यजीतराव यांस शिरूरहून तुमच्या दाजीचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनी, मुलं मजेत असतील. आम्हीही शनिवारपर्यंत खुशाल आहोत, पुढचं सांगवत नाही. (फोन केला नाही, कारण सुलक्षणा ऐकेल, आणि तुमच्या बहिणीच्या कानावर पडलेलं तुमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, कानी जायला दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नाही.)

आमच्या पंपाच्या कारखान्यात पुण्याहून प्राची मॅडम आल्या आहेत. लोखंडी नग आत आल्यापासून गाडीत चढेपर्यंत कुठे कुठे फिरतो, याचा त्या भिंतीवर नकाशा करतात. काम होतं तिथे पिवळी चिठ्ठी, नग नुसता पडून राहतो तिथे लाल. अक्षर बरं म्हणून (कशाला गिरवलं ते!) चिठ्ठ्या लिहायला मला माझ्या मशीनवरून उठवलं. लेथपासून ड्रिलपर्यंत मी ऐटीत लिहीत गेलो. पुढे मात्र नगांचे ट्रे पॅकिंगला न जाता खिडकीजवळच्या टेबलाकडे वळतात. तिथे छातीएवढा ढीग. मॅडमनी कारण विचारलं, तर ड्रिलवरचा खंडू म्हणाला, "आप्पास्नी दावायचं असतंय." काय दाखवायचं, ते कुणालाच सांगता येईना. तपासणी तर आधीच झालेली असते. पण गावात लग्नाची तारीख वडीलधाऱ्याला विचारल्याशिवाय धरत नाहीत, तसं तुमच्या आप्पांनी मान हलवल्याशिवाय आमच्याकडे ट्रे हलत नाही. आप्पा परवापासून पाटसला साखरपुड्याला गेलेत, म्हणून तर एवढा ढीग. आणि मी लिहिण्याच्या भरात ठसठशीत 'विनाकारण थांबा' लिहून लाल चिठ्ठी डकवली. हात पुढे गेला, डोकं मागून आलं.

शनिवारी सगळ्यांसमोर भिंत वाचून दाखवणार आहेत. माझं अक्षर आप्पा लांबूनही ओळखतात. ज्यांनी नोकरी लावली, मुलगी दिली, त्यांना मी चार लोकांत बिनकामाचं ठरवलं. ते रागावले तर परवडेल, पण ते रागावणार नाहीत. गुपचूप टेबल आवरतील आणि घरी बसतील. चिठ्ठी काढायलाही गेलो होतो, पण मॅडमनी आधीच भिंतीचा फोटो काढून ठेवलाय.

आपला,
महेंद्र

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो: शनिवारी आप्पांना दौंडला बोलावून घ्या. कंबरेचं निमित्त आहेच, थोडं कण्हा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात आप्पा दारात. पाटसहून परस्पर कारखान्यात जाऊन भिंत वाचून आले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "जावईबापू, बरं केलं. काय बघायचं ते मलाबी ठावं न्हवतं. पोरं घिऊन यायची, न्हाई कसं म्हनावं?" मी पायाच पडलो. मग त्यांनी सांगितलं की मॅडमना विचारून आलोय, उद्यापासून चिठ्ठ्या लावायला मीही फिरणार, आणि सुरुवात जावयाच्या मशीनपासून करणार. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या खिशातच होता. तेव्हा आप्पांना इथेच राहू द्या. बोलवायचं तर मला बोलवा, आणि शनिवारची वाट पाहू नका.