बिनआरशाच्या लेसरमागचा आरसा

दिनांक ११ मार्च, सायंकाळ

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा आरसे तयार करणे, नात्याने तुझा आजोबा, पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो की, आमचे येथील सर्व क्षेम आहे. उद्याच्या तयारीसाठी तू फोन बंद ठेवला आहेस, म्हणून पत्र आजीच्या हाती पाठवीत आहे. परीक्षकांसमोर यंत्र चालू करण्यापूर्वी ते वाचावे.

परवा तू मला प्रयोगशाळा दाखवलीस. काचेवर वाळवलेली ती गुलाबी साय दाखवलीस: रंग, पॉलिमर आणि डोळ्यांना न दिसणारे कण. हिरवा झोत पडला की आतला प्रकाश त्या कणांवर आपटत भरकटतो आणि भरकटतानाच बळावून त्याचा लेसर होतो, असे समजावलेस.

"मग आरसे कुठे बसवलेस?" मी विचारले.

"इतर लेसरसारखा यात आरसाच लागत नाही, आजोबा. तुमचं दुकान बंद."

तू हसलीस. मीही हसलो. मला ते झोंबले, हे लिहिणे मला शोभत नाही; परंतु त्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

तुला सरांनी बाहेर बोलावले. माझ्या खिशात नमुन्याच्या आरशाचा नखाएवढा तुकडा नेहमी असतो. तो मी त्या काचेच्या मागे चिकटवला. तू परत येऊन झोत सोडलास आणि लाल उजेड कधी नव्हे इतका झळकला.

"तुमचा पायगुण बरं का, आजोबा," म्हणालीस, आणि तीच काच उद्यासाठी डबीत जपून ठेवलीस. तेव्हाच बोलावयास हवे होते.

तरी ती काच वापरू नये. तुझा दावा बिनआरशाचा आहे आणि मागे माझा आरसा आहे. शिवाय तो वाकडा बसला असून हिरवा झोत बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर फेकतो. परीक्षकांना संरक्षक चष्मे काढू देऊ नकोस. मी काढला होता. माझ्या चष्म्यावर तो बसेना.

कोणी विचारल्यास "आमच्या आजोबांचा आगाऊपणा" असे स्पष्ट सांगावे. बोलावले तर मी स्वतः येऊन सांगेन. मात्र जिन्यावर कोणीतरी हात धरावा लागेल.

तुझा आजोबा

समक्ष: तुझी आजी, जिने वाचून "एकदाचं खरं लिहिलंत" एवढेच म्हटले, आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या टेबलाशी बसून हे लिहिले, व ज्यांनी आत्ताच सांगितले की माझ्या उजव्या डोळ्याला पुन्हा दिसणार नाही.