राधाकाकूंची गरज

रत्नागिरी, कार्तिक वद्य पंचमी, बुधवार

वकिलांकडून आत्ताच आलो. घर जाणार असं त्यांनी तोंडावर सांगितलं नाही, पण मला कळलं. ज्यांच्याकडून हे घर घेतलं त्या राधाकाकू जाऊन वर्ष होत नाही तोच त्यांच्या दिराचा मुलगा मुंबईहून आगबोटीनं आला आणि त्यानं आमच्यावर दावा ठोकला. विधवेला नवऱ्याचं घर हयातीपुरतंच, तिच्या मागे ते त्याच्या भाऊबंदांचं. गरजेवाचून ते विकता येत नाही म्हणे. मग आमचं खरेदीखत, त्यावरचा सरकारी शिक्का, ते सगळं कशाला होतं?

वकिलांनी विचारलं, "बाईंना घर विकण्याची गरज काय पडली? कर्ज, आजारपण, नवऱ्याचं क्रियाकर्म?"

यांतलं काहीच नव्हतं. गरज होती, पण ती कशी सांगायची? काकू म्हणाल्या होत्या, "सदू, तूच घे रे हे घर. मला पडवीतली खोली पुरे. तिन्हीसांजेला घरात कोणी बोलताना ऐकू आलं पाहिजे." मी वकिलांना तेच सांगितलं. त्यांनी खरेदीखत मिटून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "एकटेपणाला कोर्ट गरज मानत नाही."

औषधपाण्यासाठी विकलं असं सांगू का? पण काकू अखेरपर्यंत ठणठणीत होत्या, सगळ्या आळीनं पाहिलं आहे. खोटी साक्ष देणार कोण? आणि मी तरी कुठल्या तोंडानं मागू?

घरी आलो तेव्हा ही ओटी सारवत होती. "काय म्हणाले वकील?" तिनं विचारलं. मी नुसता पायरीवर बसलो. तिनं उठून हात धुतले आणि ती आत गेली. ओटी अर्धीच सारवलेली राहिली आहे.