उत्तम कानांची सखू

दिवाळे, जुलै १९८१

डॉक्टरसाहेब,

आमच्या शाळेतली एकमेव धड खुर्ची तुमच्या वजनाने मोडली, याचा तीव्र निषेध!

तीत बसून, कान तपासायचे म्हणून, तुम्ही रांगेतल्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारलात, "नाव काय?" पुढच्यांचं बघून बहिऱ्या सखूनेही नाव सांगितलं. तुम्ही 'कान उत्तम' लिहून फुकटची कोलंबी घेऊन गेलात.

काल तिचा बाप कमळाकर आला. "सायबान कान बरं लिवलंय, म्हंजे पोरगीच मठ्ठ हाय, गुरुजी. आता शाला बास, आयशीची मासळीची टोपली उचलंल."

मी सखूसमोर बसून, ओठ सावकाश हलवून पाढा विचारला. तिने तो घडाघडा म्हटला. कमळाकर म्हणाला, "पन टोपली कोन उचलंल?"

हे पत्र पाठवत नाही. पुढच्या तपासणीलाही तुम्हीच येणार, आणि मला नोकरी टिकवायचीय. शाळा भरायच्या आत टोपली बाजारात पोचवायचीय, निघतो.

आपला,
वामन गुरुजी