मधली झाडं

आबा, तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एक ओरडणं मात्र कानात तसंच आहे. भाताच्या वाफ्यात राब भाजायचा म्हणून मी ऐनाच्या झाडावर चढलोय, कोयत्यानं सपासप टहाळ उतरवतोय, आणि तुम्ही खालून हाक देता, "ती फांदी ऱ्हाऊ दे. तिच्यावरनं माणसं जात्यात." "कंची माणसं?" "शेपटीवाली." देवराईपासून फॉरेस्टच्या हद्दीपर्यंत आपल्या बांधावर झाडांची ओळ होती. तिच्यातल्या प्रत्येक झाडाची शेजारच्या झाडाला टेकणारी फांदी तुम्ही राखायचा. बाकी झाड बोडकं झालं तरी चालेल. शेकरू जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. वाडीतले हसायचे. "आबांनी शेकरांची एसटी चालू केली, आपुन मातर गाडीसाठी हिर्डोशीपतोर पायी." तुम्हीही हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ती फांदी राखायचा.

मी शाळा अर्धवट सोडली, नंतर कुठंच टिकलो नाही. कापूरहोळला गॅरेजात राहिलो, मग ढाब्यावर, मग टेम्पोवर. आता हैद्राबादला आहे, रस्त्याकडेनं झाडं लावणाऱ्या ठेकेदाराकडं. एकदा तिथं झाडांचा आराखडा करणाऱ्या मॅडमनी टेम्पोच्या बॉनेटवर नकाशा पसरला. इकडं एक बाग, तिकडं एक तळं, आणि दोन्ही जोडणारी हिरवी पट्टी. मधे खंड पडला की बागेतलं जनावर बागेतच अडकतं आणि अडकलेलं हळूहळू संपतं, असं त्या समजावत होत्या. त्यांचं बोट पट्टीवरून सरकत होतं आणि मला आपला बांध दिसत होता. तुम्ही काय राखत होता, ते मला त्या बॉनेटपाशी कळलं. लई बरं वाटलं. कामावरून सुटल्यावर घरी दादाला सांगायला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बांध मधनं फोडलाय. वरच्या प्लॉटवाल्यांना रस्ता दिला."

मी तसाच निघालो. भोरपासून मिळेल ती गाडी धरली, शेवटचं चालत गेलो. ओळीच्या मधोमध लाल मातीचा रुंद रस्ता पडलाय. दादा शेजारी उभा राहिला. "देवीच्या पानाला हात न्हाई लावला म्या. कौल घेतला. देवीनं उजवं फूल दिलं, मगच मालकीची झाडं तोडली." तो खोटं बोलत नव्हता. देवराई खरंच जशीच्या तशी उभी होती, भर दुपारी आत काळोख. म्हणूनच काही तुटलंय असं त्याला वाटत नव्हतं. वाडीतल्यांनी सांगितलं, देवराईत दोन शेकरं उरली होती. एक रस्ता ओलांडायला खाली उतरलं आणि प्लॉटावरच्या कुत्र्यांनी फाडलं. दुसरं दिवसभर रस्त्याअलीकडच्या शेवटच्या ऐनावर बसून पलीकडच्या रानाकडं बघून ओरडतं. मी दादाला म्हणालो, "देवीला इचारलंस, एकदा आबांची आठवण काढायची व्हतीस." "आबा सांगाया हायत का?" तो म्हणाला.

भोरातून जाड दोर आणला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या ऐनांना वरच्या वर ताणून बांधला. शिडी दादानंच धरली. दोन्हीकडं रोपं लावली. त्यांच्या फांद्या एकमेकींना टेकेपर्यंत ते एकटं शेकरू काही जगायचं नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सुट्टी होती तोवर मी बांधावर बसून राहिलो. शेकरू एकदा दोरापर्यंत आलं, त्याला हुंगलं, आणि माघारी फिरलं.

हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही, म्हणून लिहितो. आई रोज फोनवर सांगते, "जातंय की रं, दोरावरनं रोज जातंय. तू जेव." तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ओट्यावरून तिला समोरचा गोठासुद्धा धड दिसत नाही. दादाला विचारलं तर खरं कळेल. त्याचा नंबर लावतो, आणि रिंग जायच्या आत बंद करतो.