कार्डावर नसलेला प्रश्न

पप्पा,

क्लबने माझ्याकडून एक अहवाल मागितला आहे. त्यातला एक रकाना मला भरता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. रकान्यात विचारलं आहे, खेळाडूच्या डोक्याला मार लागल्यावर तुम्ही तिला कोणते प्रश्न विचारलेत? अहवाल सोमवारी सकाळी द्यायचा आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, मनातल्या मनातही नाही. तेव्हा गैरसमज नको. हे कामाचं पत्र आहे.

खेळाडू म्हणजे तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा पाच वर्षांची होती, आता सत्तावीसची आहे. इथे परदेशात, वेरिबी नावाच्या उपनगरात, प्राथमिक शाळेत शिकवते आणि शनिवारी बायकांच्या टीममधून फुटबॉल खेळते, आपला, पायाने खेळायचा. इथले लोक त्याला सॉकर म्हणतात. अगदी खालची डिव्हिजन. टीमच्या जर्सी आळीपाळीने घरी नेऊन धुवायच्या, गोलची जाळी सामन्याआधी आपणच बांधायची, आणि बघायला तीस माणसं आली तर त्यांत सहा कुत्री धरलेली असतात. दोन वर्षांपूर्वी क्लबला प्रथमोपचारासाठी कुणीतरी हवं होतं. कुणी हात वर करेना, म्हणून मी केला. दोन दिवसांचा कोर्स केला, परीक्षा दिली, ओळखपत्र मिळालं आणि एक नारिंगी जॅकेट. मुली मला सार्जंट म्हणतात. मला ते आवडत होतं.

ऑगस्टमधला, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातला शनिवार होता, सीझनचा शेवटचा सामना. खाडीकडून असा वारा येत होता की बोटं वळत नव्हती. बरोबरी झाली तरी आम्ही डिव्हिजनमध्ये टिकत होतो, हरलो तर खाली. एक मुलगी तापाने आडवी, दुसरीला शिफ्ट बदलून मिळाली नाही, त्यामुळे बरोब्बर अकरा जणी उभ्या होत्या. बदली एकही नाही. मध्यंतराला एक-एक. गोलकीपरची आई, लुधियानाची, कॅन्टीनमधून चहा घेऊन आली. "दीदी, चाय तो पी लो. ऐसे बैठी हो जैसे एग्झाम है." मी म्हटलं, "एग्झाम ही है." ती हसली. "तो पास करवा दो सबको."

त्यानंतर वीसेक मिनिटांनी एक उंच बॉल आला. तुमची नात आणि समोरची एक धिप्पाड मुलगी एकाच वेळी उडाल्या. हाडावर हाड आपटल्याचा आवाज आमच्या खुर्च्यांपर्यंत आला. समोरची कपाळ धरून उठली. आपली उठली नाही. मी बॅग घेऊन धावले, चिखलात गुडघे टेकले. तिचे डोळे उघडे होते. माझ्या जॅकेटच्या खिशात क्लबने दिलेलं कार्ड होतं, त्यावर चार प्रश्न. हे कुठलं मैदान? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? पप्पा, मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आहे. लेबल दोनदा वाचल्याशिवाय एक नळी पुढे सरकू दिली नाही. तरुण मुलींना त्यावरून रडवलं आहे. आणि त्या दिवशी खिशात हात न घालता मी तिला म्हणाले, "विश्वासांगीकार म्हण."

"मम, सीरियसली?"

"म्हण."

तिने म्हटला. रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेतली ती लांब प्रार्थना, आपल्या वसईच्या घरांत सातव्या वर्षाआधी पोराला पाठ हवीच असते ती, तिने चिखलात पडल्यापडल्या सुरुवातीपासून आमेनपर्यंत म्हटली. मराठीत, न अडखळता. इकडची मुलगी, एरवी माझ्याशी चार वाक्यं मराठीत धड बोलत नाही. आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी आनंद झाला. तिचं डोकं शाबूत आहे म्हणून पुरता नव्हे. मी किती नीट शिकवलं आहे म्हणून. कोच रेषेवरून ओरडला, "इज शी राइट, लव्ह?" मी अंगठा वर केला. "शी इज राइट." ती उठली. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांनी तिने बॉल आमच्याच गोलकडे मारला. थोडक्यात वाचलं. कीपर ओरडली, "ओय, पागल! अपनी टीम है!" ती तिच्याकडे बघून हसली आणि तिने विचारलं, "विच वे आर वी गोइंग?" मग ती खाली बसली, आणि बसल्या जागी उलटी केली. रेफरीने सामना तिथेच थांबवला. अँब्युलन्स गवतावर आली तेव्हा चाकांनी अख्खं मैदान चिरलं गेलं.

आता तुमची बाजू. मला ती पाठ आहे. तुम्ही शाळेत पीटी शिकवायचात आणि आपल्या चर्चच्या टीमचे कोच होतात. डोक्याला लागलं की तुम्ही खेळाडूपाशी बसायचात आणि विश्वासांगीकार म्हणायला लावायचात. अडखळला तर बाहेर, पूर्ण म्हटला तर आत. आख्ख्या गावाला ही पद्धत माहीत होती, बाजूच्या गावच्या टीमही ती वापरायच्या. त्या मे महिन्यातल्या सामन्यात दादा गोलच्या खांबावर आदळला. दादा बावीसचा, मी एकोणीसची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मी कुंपणापाशी उभी आहे. तुम्ही त्याच्या छातीवर हात ठेवला आहे. तो म्हणतो आहे, तुमचे ओठ त्याच्याबरोबर हलत आहेत. आमेन झालं आणि तुमच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ते मी बघितलं. तुम्ही हात झटकलेत. "पोरगा ठीक आहे. चला, चला, नाटक पुरे."

पाणी प्यायला तो कुंपणाशी आला. तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर उभे होतात आणि त्याने मला विचारलं, "पप्पा आले नाहीत?" मी धावत तुमच्याकडे आले, म्हणाले, "त्याला बाहेर घ्या, तो काहीतरीच बोलतोय." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरींनी मैदानावर अक्कल शिकवायची नाही. घरी जा, आईला मदत कर." मी घरी गेले. मी आईबरोबर मासे साफ करत होते तेव्हा चौघांनी त्याला उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. फादर म्हणाले, देवाची इच्छा. गावही तेच म्हणालं. कुठला कागद नाही, कुठला रकाना नाही. तुम्ही पुन्हा मैदानावर गेला नाहीत, एवढंच. मी लग्न करून इकडे आले. दर रविवारी फोन करायचे तो आईला, तुम्ही मध्येच रिसीव्हर घेतलात तर हवापाण्याचं बोलायचे. शेवटच्या आजारपणात तुम्ही एकदा आपणहून म्हणालात, "त्याने एकही शब्द चुकवला नव्हता गं." मी फोन ठेवून दिला. तुम्ही गेल्यावर मला तेच वाक्य सांगून लोकांपुढे तुमची निंदा करायला बरं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. अडाणीपणा, म्हणायचे मी. जिभेला पाठ असलेलं डोकं फुटलं तरी बाहेर येतं, एवढं त्यांना कळू नये. कोर्समध्ये शिक्षिकेने हेच सांगितलं होतं, नाव किंवा जन्मतारीख विचारू नका, आजचं विचारा. मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. हिशोब माझ्या विरुद्ध जातो.

ती जिवंत आहे. तीन आठवडे झाले. पडदे ओढलेल्या खोलीत पडून असते, उजेड सहन होत नाही. पुस्तकाची अर्धी ओळ वाचली की कपाळ दाबते. परवा चमचा हातात घेऊन मला विचारत होती, "मम, याला काय म्हणतात?" मराठी शब्द हवा होता की इंग्रजी, मी विचारलं नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित सहा महिने, कदाचित जास्त, पूर्वीसारखी होईलच असं सांगता येत नाही. दुसऱ्यांदा धावायला सोडलं नसतं तर कमी झालं असतं का, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. तेवढं पुरलं.

कोच काल घरी आला, फुलं घेऊन. चांगला माणूस आहे. म्हणाला, "अहवालातले चारही प्रश्नांचे बॉक्स टिक कर, लव्ह. तू विचारलंस ते कुणाला कळलंय? तुमच्या भाषेत होतं." आतून तिने ऐकलं. तो गेल्यावर मला हाक मारली, डोळ्यांवर पट्टी तशीच. "मम, जस्ट टिक इट. मी सांगेन तू विचारलंस म्हणून. मला आठवतच नाहीये, सो इट्स नॉट इव्हन अ लाय." मी म्हटलं, "झोप." ती म्हणाली, "यू वेअर स्केअर्ड, दॅट्स ऑल." मला ते खोडता आलं असतं. मी घाबरले नव्हते, पप्पा. घाबरले असते तर कार्ड काढलं असतं. मला खात्री होती. तुम्हालाही तशीच होती, हे मला आता कळतं. म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. दादाबद्दल माझं मत तेच आहे. फक्त आता तेच मत मला दोघांना लावावं लागतं.

सोमवार, सकाळी नऊ. हे पत्र दोन दिवस लिहिते आहे, आता पूर्ण करते. क्लबच्या सेक्रेटरीकडे पुढील गोष्टी दिल्या. अहवाल, तीन पानं, चारही चौकोन रिकामे, खाली माझ्या अक्षरात, कार्ड वापरलं नाही, पाठ असलेली प्रार्थना म्हणायला लावली, ती बरोबर म्हटली म्हणून खेळू दिलं, निर्णय माझा. नारिंगी जॅकेट, धुऊन. औषधांची बॅग, आतल्या सामानाच्या यादीसह. माझं ओळखपत्र. सेक्रेटरीने पोच म्हणून सही दिली आणि विचारलं, ही पद्धत कुठून आली, ते पण लिहायचं का, जागा आहे. मी नको म्हणाले. तुमचं नाव दिलेलं नाही.